डायलचं कुलूप

"मुलीसाठी सेफ फोन दाखवा," मी म्हटलं.

दुकानदाराने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बारा वर्षांच्या लेकीकडे. "सेफ म्हणजे कसा मॅडम? पडला तरी फुटणार नाही असा?"

लेक फिसकन हसली. मलाही हसू आलं. पण रिक्षातून घरी येताना वाटत राहिलं की त्या माणसाचा प्रश्न अगदी रास्त होता आणि माझ्यापाशी त्याचं उत्तर नव्हतं. फोन सेफ हवा म्हणजे नेमका कशापासून? त्या दिवशी आम्ही काहीही न घेता परत आलो.

फोनचा विषय निघाला तो जुलैतल्या एका संध्याकाळी. आम्ही डोंबिवलीत पूर्वेला राहतो आणि लेकीचा एलिमेंटरी परीक्षेचा चित्रकलेचा क्लास पश्चिमेला. ती शेजारच्या एका मुलीबरोबर जायची, आणि परतीच्या वेळी मी ऑफिसातून येताना लोकलमधून उतरून तिला घ्यायचे, सव्वासातला. त्या दिवशी पाऊस इतका होता की क्लासच्या गल्लीत पाणी भरायला लागलं आणि बाईंनी तासभर आधीच मुलांना सोडलं. शेजारची मुलगी त्या दिवशी आलीच नव्हती. बाईंनी मला फोन केला तेव्हा माझी गाडी दिव्याच्या अलीकडे थांबली होती आणि फोनला रेंज नव्हती. लेक एकटीच चालत रेल्वेच्या पुलापर्यंत आली. तिथे गजरे विकणाऱ्या एका बाईंकडे तिने फोन मागितला. त्यांनी दिला. पण माझ्या नंबराच्या दहा आकड्यांपैकी तिला आठच आठवले. शेवटचे दोन वेगवेगळे लावून तिने चार जणांना फोन केले, त्यात एक कुणीतरी नाशिकचे आजोबा निघाले म्हणे. मग त्या गजरेवाल्या बाईंनी तिला आपल्या प्लास्टिकच्या आडोशाला बसवून घेतलं आणि मी दिसेपर्यंत हलू दिलं नाही.

मी तिला पाहिलं तेव्हा ती अबोलीचे गजरे मोजत बसली होती. तिला काहीच झालं नव्हतं. रात्रभर झोप लागली नाही ती मला.

मग घरात मतं सुरू झाली. सासूबाई म्हणाल्या, नंबर पाठ करून घ्या, फोन कशाला. सासऱ्यांना रेडिएशनची काळजी. त्यांनी कुठूनतरी शोधून आणलं की स्टार हॅश शून्य सात हॅश असं लावलं की बऱ्याच फोनवर त्याचा रेडिएशनचा आकडा दिसतो, आणि आपल्याकडे 2012 पासून त्याची मर्यादा किलोमागे 1.6 वॅट अशी आहे. ते घरातल्या सगळ्यांच्या फोनवर ते आकडे लावून पाहत बसले. भाऊ म्हणाला, घड्याळ दे, त्यात सिम असतं, शाळेत काढून घेतलं तरी फार नुकसान नाही. नवरा म्हणाला, माझा जुना फोन पडून आहे, तोच देऊ, फुकटात काम.

लेकीला कुणी विचारलं नाही. एकदा तीच म्हणाली, "2020 मध्ये तर तुम्हीच मला फोन दिला होता." खरंच होतं. ती दुसरीत होती आणि शाळा माझ्या फोनच्या पडद्यावर भरायची. तेव्हा शेजारच्या खोलीत ती तीन-तीन तास फोन धरून बसायची आणि आम्ही कौतुकाने सांगायचो, स्वतःचं स्वतः लॉगिन करते. त्या वर्षी कुणी 'सेफ' हा शब्द काढला नव्हता. आजही वर्गाचा गृहपाठ व्हॉट्सॲपवर येतो. त्या व्हॉट्सॲपच्या स्वतःच्या नियमात वयाची अट तेरा आहे आणि वर्गातली बहुतेक मुलं बारा वर्षांची.

नवऱ्याचा जुना फोन काढला. तो दिसतो तितका फुकट नसतो, हे दोन रविवारांत कळलं. त्याला सुरक्षेची अपडेट यायची बंद झाली होती. आत नवऱ्याचा मेल होता, बँकेचं ॲप होतं, पैसे पाठवायचं ॲप होतं. ते सगळं पुसून फोन कोरा करावा लागला. मग लेकीचं वेगळं खातं. त्यात जन्मसाल खरं टाकायचं की तिच्या मैत्रिणींसारखं तीन वर्षं मागचं, यावर वाद. खरं टाकलं. सिम माझ्या नावावर, कारण अठरा वर्षांखालच्या मुलांच्या नावावर सिम मिळत नाही. मग गूगलचं फॅमिली लिंक. कोणतं ॲप किती वेळ चालेल, रात्री किती वाजता फोन आपोआप बंद होईल आणि फोन या क्षणी कुठे आहे, हे सगळं माझ्या फोनवर दिसायला लागलं.

मला वाटलं, सापडलं उत्तर.

पहिल्या आठवड्यात मी ऑफिसात बसून नकाशावरचा तो ठिपका पाहायचे. ठिपका घरातून निघाला, जिन्यावर आला, पुलावर आला, पश्चिमेला उतरला. मी हिशेबाच्या फायली उघड्या ठेवून एका डोळ्याने ठिपका पाहायचे. एका गुरुवारी तो रेल्वेच्या रुळांवर थांबला. एक मिनिट, दोन मिनिटं. पुलावर नाही, बरोबर रुळांवर. मी फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, उचलला नाही. घाम फुटला. शेजारच्या काकूंना फोन करून पुलाकडे धाडलं. अकरा मिनिटांनी ठिपका अचानक उडी मारून चित्रकलेचं सामान मिळतं त्या दुकानावर गेला. ती पूर्ण वेळ तिथेच होती, पोस्टर रंगांच्या बाटल्या निवडत. नकाशाने तिला थोडं बाजूला दाखवलं होतं, आणि फोन दप्तरात होता.

"तू मला बघत असतेस का?" तिने त्या रात्री विचारलं. काकूंनी तिला सगळं सांगितलं होतं.

"काळजी वाटते गं."

"मग मला सांगून बघ ना."

मी त्या रात्री ठिपका बंद केला. तत्त्वासाठी केला असं म्हणण्यात अर्थ नाही. तो पाहून माझीच काळजी दुप्पट झाली होती. शिवाय दुसरी गोष्ट मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. पुलाच्या ओल्या पायऱ्या ती त्या मोठ्या पडद्यात मान घालून उतरत होती. दहा मिनिटांची मुभा होती, ती दहा मिनिटं ती पुलावरच वापरायची.

म्हणून आम्ही परत त्याच दुकानात गेलो आणि साधा बटणांचा फोन मागितला. त्यातही निवड होती. 4G वाल्या काही बटणांच्या फोनवर आता यूट्यूबही चालतं, पैसेही पाठवता येतात. आम्ही ते नसलेला घेतला. दुकानदाराने आपणहून एक उपयोगाची गोष्ट दाखवली. 2016 च्या सरकारी नियमांनुसार अशा फोनवर 5 किंवा 9 हे बटण दाबून धरलं की आपत्कालीन क्रमांकाला फोन लागायला हवा, स्मार्टफोनवर तेच काम पॉवरचं बटण तीनदा भराभर दाबून होतं. आम्ही आत आमचे तीन नंबर साठवले, 112 साठवला, मुलांसाठीचा 1098 साठवला. मग मी काउंटरवर रिचार्ज मारला. दुकानदाराने नंबर विचारला आणि मी तो सांगितला, मोठ्याने, दहाही आकडे, दोनदा, कारण बाहेर गणपतीच्या वर्गणीचा स्पीकर चालू होता. आमच्या मागे पाच-सहा जण उभे होते.

घरी येऊन लेकीने बटण दाबलं तर पडद्यावर एक छोटंसं कुलूप उमटलं. कीपॅड लॉक. ते कुलूप बघून मला कराडचं घर आठवलं.

आमच्याकडे फोन 1995 मध्ये आला. त्याआधी आम्ही शेजाऱ्यांचा नंबर पी.पी. म्हणून द्यायचो, आणि फोन आला की त्यांचा मुलगा कुंपणावरून हाक मारायचा. अर्ज करून कित्येक वर्षं वाट पाहिल्यावर स्वतःचा फोन मिळाला, काळा, गोल डायलचा. आईने त्याच्यासाठी क्रोशाचा रुमाल विणला आणि दुसऱ्याच आठवड्यात वडिलांनी बाजारातून डायलचं कुलूप आणलं. एका बोटाएवढं पितळी कुलूप, डायलच्या भोकात बसवायचं, की आकडा फिरत नाही. किल्ली वडिलांच्या पाकिटात. कारण एकच, बिल.

ते कुलूप उघडल्याशिवाय फोन लावायचा उपाय मला महिन्याभरात वर्गातल्या एका मुलीने शिकवला. रिसीव्हर जिथे ठेवतात तो खटका ठरावीक लयीत दाबायचा. तीन आकडा हवा तर तीनदा, सात हवा तर सातदा, मध्ये श्वासभर थांबायचं. लागायचा. मी तसे चार-दोन फोन मैत्रिणींना केले आणि वडिलांना बिलावरून संशय आला नाही, याचा मला केवढा अभिमान वाटला होता.

पण कुलूप होतं ते बाहेर जाणाऱ्या फोनला. घरात येणाऱ्या फोनला काहीच नव्हतं.

मी तेरा वर्षांची होते. वडील पाटबंधारे खात्यात, आई गावाबाहेरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मी पाचला घरी यायचे, आई साडेसहाच्या एसटीने. त्या दीड तासात फोन वाजायचा. आधी नुसता श्वास. मी हॅलो हॅलो करून ठेवून द्यायचे. मग आवाज आला. "एकटीच आहेस?" मी ठेवला. आठवड्याभराने, "आज दोन वेण्या का नाही घातल्या?"

म्हणजे तो मला पाहत होता. रस्त्यात, शाळेपाशी, कुठेतरी. मी वर्गातून घरी येताना प्रत्येक सायकलवाल्याचं, प्रत्येक पानवाल्याचं तोंड बघायला लागले. हाच असेल का? घरी आल्यावर मी रिसीव्हर काढून बाजूला ठेवायचे. वडिलांनी ऑफिसातून दोनदा फोन लावला, तो एंगेज लागला. "कुणाशी गप्पा चालल्या होत्या?" त्यांनी विचारलं, आणि कुलपाची किल्ली पाकिटात आहे ना ते तपासलं.

मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे मला तेव्हा अगदी स्पष्ट दिसत होतं. पहिला प्रश्न आला असता, नंबर कुणाला दिलास? मग सायकल बंद झाली असती, संध्याकाळची शिकवणी बंद झाली असती, मैत्रिणीकडे जाणं बंद झालं असतं. फोन करणारा तिथेच राहिला असता आणि शिक्षा मला झाली असती. त्याच सुमाराला आई एक एसटी आधीची धरून साडेपाचलाच घरी यायला लागली. मला वाटलं, माझ्यावर लक्ष ठेवायला. त्या गोष्टीचा मी तिच्यावर राग धरला. पुढे मार्चमध्ये परीक्षा सुरू झाल्या आणि ते फोन थांबले. का थांबले ते कधी कळलं नाही. मीही कुणाला कधी सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही.

लेकीच्या नव्या फोनचं सगळं सुरळीत चाललंय असं मला दोन महिने वाटत होतं. क्लासला पोचले की एक मिस्ड कॉल, निघाले की एक मिस्ड कॉल. सासरे खूश, सासूबाई खूश. घरात नियम ठरला की रात्री जेवताना सगळ्यांचे फोन एका टोपलीत. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात 2022 पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाईल बंद ठेवतात, हे नवऱ्याने वाचलं होतं. आमच्याकडे भोंगा नव्हता, म्हणून कुकरच्या तिसऱ्या शिटीला टोपली फिरायची. टोपलीत सर्वांत आधी फोन टाकायची ती लेक.

तिथेच मला पहिल्यांदा खटकलं. ती फोन टाकायची आणि त्याच्याकडे बघायचीही नाही. क्लासचे मिस्ड कॉलही अधूनमधून यायचे बंद झाले. विचारलं तर म्हणायची, बॅटरी गेली होती. बटणांच्या फोनची बॅटरी चार-चार दिवस जात नाही.

एका रात्री टोपलीतून तिचा फोन उचलला आणि आलेल्या कॉलची यादी पाहिली. एकच अनोळखी नंबर, सतरा वेळा. बहुतेक संध्याकाळी पाच ते सहा. काही उचललेले, बहुतेक न उचललेले. खाली चार मेसेज. हाय. नाव काय. फ्रेंडशिप करणार का. उचल ना.

माझ्या हातून पुढे जे झालं ते विचार करून झालं नाही. मी तिला झोपेतून उठवलं. "हे कोण आहे? नंबर कुणाला दिलास?" तोच प्रश्न, त्याच शब्दांत. तिने काही बोलायच्या आत मी फोनचं मागचं झाकण काढलं, बॅटरी काढली, सिम काढलं आणि म्हटलं, "उद्यापासून क्लास बंद."

ती रडली नाही. उशीला पाठ लावून बसली आणि म्हणाली, "बघ. म्हणूनच मी सांगितलं नव्हतं."

हातात सिमचा तो नखाएवढा तुकडा होता. मी तिच्या पलंगाच्या कडेवर बसले. बराच वेळ बसले. आम्ही सगळ्यात साधा, सगळ्यात बंदिस्त फोन निवडला होता. त्यात इंटरनेट नव्हतं, चित्रं नव्हती, खेळ नव्हते. आणि जे आलं ते फोनच्या सर्वांत जुन्या वाटेने आलं. घंटी वाजली आणि तिने उचलला. बाकी सगळं आम्ही तपासलं होतं. तिने काही सांगितलं तर आम्ही काय करू, हे मात्र आमच्यापैकी एकानेही ठरवलं नव्हतं. ते तिने आमच्याऐवजी ताडलं होतं, आणि बरोबर ताडलं होतं.

मग मी तिला कराडचा फोन सांगितला. कुलूप, खटका, श्वास, वेण्या, सगळं. खटका दाबून नंबर लावायचा प्रकार ऐकताना तिचे डोळे चमकले. वेण्यांचं ऐकून ती माझ्या जवळ सरकली.

"हा फक्त फोनच करतो," ती म्हणाली. "बघत नाही मला. मला वाटतं, नाही बघत."

त्या 'मला वाटतं'मध्ये तिचे तीन आठवडे होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पोलीस ठाण्यात गेलो. जायच्या आधी मी तिला विचारलं, आणि ती हो म्हणाल्यावरच गेलो. तिथल्या एका बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं, मेसेज वाचले, नंबर लिहून घेतला आणि आमच्यासमोरच त्यावर फोन लावला. पलीकडचा आवाज आधी मोठा होता, मग लहान झाला. त्यानंतर त्या नंबरावरून फोन आला नाही. "नंबर बाहेर कुठे सांगितला होता का?" असं त्या बाईंनी विचारलं तेव्हा मला दुकानातला काउंटर आठवला, बाहेरचा स्पीकर आठवला, मागे उभे असलेले पाच-सहा जण आठवले. तिथूनच गेला असेल असं ठामपणे म्हणता येणार नाही. पण लेकीने तो कुणाला दिला असेल यावर मी रात्री आवाज चढवला होता आणि स्वतः मी तो दोनदा ओरडून सांगितला होता. आता रिचार्ज मी घरातून करते.

सिम परत घातलं. क्लास चालू राहिला. फ्रिजवर आम्ही फोनच्या नियमांचा कागद लावला होता, त्यातले सगळे नियम तिच्यासाठी होते. खाली तिने आमच्यासाठी एक लिहायला लावला: काही झालं आणि मी सांगितलं, तर त्या दिवशी काहीही काढून घ्यायचं नाही. नवऱ्याने 'त्या दिवशी'वर बोट ठेवून विचारलं, "म्हणजे दुसऱ्या दिवशी चालेल?" ती म्हणाली, "दुसऱ्या दिवशी बोलू." आम्ही दोघांनी खाली सह्या केल्या.

त्यानंतर एकदा भाजी निवडताना तिने सहज विचारलं, "तू आजीला अजून सांगितलं नाहीस?"

"काय?"

"ते वेण्यांचं."

तीस वर्षं झाली होती. वडील जाऊन सहा. सांगून आता काय, असं म्हणणार होते, पण ती माझ्याकडे अशी बघत होती की मला ते म्हणता येईना. मी हात धुतले आणि कराडला फोन लावला.

आईने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही बोलली नाही. मला वाटलं, लाइन तुटली.

"संध्याकाळचे यायचे का गं?" तिने विचारलं.

"तुला कसं माहीत?"

"मी तापाने रजेवर होते ना त्या वर्षी, तेव्हा दोनदा मी उचलला. मला वाटलं, माझ्यासाठीच आहे. शाळेतला कुणीतरी असेल. तुझ्या बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी वायरच उपटून टाकली असती. आणि तुझे आजोबा तेव्हा मिरजेला दवाखान्यात. त्यांची खबर त्या फोनवरच यायची. कशी सांगणार?" ती थांबली. "तुझ्या हाती लागू नये म्हणून मी आधीची एसटी धरायला लागले. हेडमास्तरांची बोलणी खाऊन."

मी काही बोलू शकले नाही. एकाच स्टुलावरच्या एकाच फोनला आम्ही दोघी घाबरत होतो, एकमेकींपासून लपवून.

"पोरीला फोन परत दिलास ना?" आईने विचारलं.

"दिला."

"बरं केलंस."

फोन ठेवला तेव्हा लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात मेथीची जुडी तशीच.

"आजी काय म्हणाली?"

मी तिला सांगितलं.